गेरूचा हात

"मॅडम, नानासाहेब आलेत," असं दवाखान्यातल्या मदतनीस सोनियानं आत येऊन सांगितलं, तेव्हा डॉ. मेघानं बीपीचं यंत्र हाताशी ओढलं आणि आपला आवाज थोडा मोठा करून ठेवला. नानासाहेब म्हणजे सत्तरीच्या आतबाहेरचे, कानानं जरा कमी, सोबत एखादी काळजीत असलेली सून, असं चित्र तिनं मनात काढून ठेवलं होतं.

दारात जो उभा राहिला त्याच्या केसांतून पाणी निथळत होतं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती, आणि सोबत सून नव्हती.

"बसा, नानासाहेब..." ती सवयीनं म्हणाली आणि थांबली. "तुम्ही नानासाहेब?"

"व्हय."

"वय?"

"एकोणतीस."

"मग बीपी नको बघायला."

"बघायचं तर बघा," तो म्हणाला. "आत्ता जरा वाढलं असंल."

तो पेशंट नव्हता. टँकरवाला होता. त्याचा ड्रायव्हर कन्नडला पाहुण्यांच्या लग्नाला गेला होता म्हणून मालक स्वतः आला होता, आणि दवाखान्याच्या टाकीचं झाकण उघडत नव्हतं, एवढंच त्याला सांगायचं होतं. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. पाऊस पडत असताना पाण्याचा टँकर मागवावा लागतो, यात छत्रपती संभाजीनगरात कुणाला विनोद वाटत नाही. नळाला पाणी आलं की इथं लोक नातेवाइकांना फोन करून कळवतात.

"नाव आज्जानं ठेवलं," विचारलं नसतानाही तो सांगू लागला. "म्हणला, पोरगं पुढं काही का करंना, लोकांना साहेब म्हणावंच लागंल."

"दूरदृष्टी होती."

"तुम्ही नुसतं नाना म्हणलात तरी चालंल."

"पहिल्याच भेटीत?"

"मग दुसऱ्या," तो म्हणाला. हे बोलून आपल्यालाच घाम फुटलाय, हे लपवण्यासाठी तो भिंतीवरचं पोस्टर वाचू लागला. पोस्टरवर बरगडी धरून बसलेला एक पांढऱ्या मिशांचा माणूस होता आणि खाली लिहिलं होतं – वय पन्नास पूर्ण? नागिणीच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा.

"नागिणीला लस निघाली?" त्याचा आवाज बदलला.

"कधीच."

"आईला सांगू नका. माझी आई नागीण उतरवते."

मेघानं पेन खाली ठेवलं. "मुकुंदवाडीच्या द्वारकाबाई... तुमच्या आई?"

"व्हय."

ही बाई कोण, हे तिला गेले सहा महिने जाणून घ्यायचं होतं. मुकुंदवाडीत दवाखाना टाकल्यापासून तिच्याकडं नागिणीचे जे पेशंट येत होते, त्यांतले निम्मे बरगड्यांवर गेरूचं तांबडं रिंगण काढून घेऊन यायचे. रिंगण सुबक असायचं. पेशंट मात्र उशिरा आलेला असायचा.

"बसा नीट," ती म्हणाली. "आता तुम्हाला पेशंटसारखंच बसावं लागेल. लहानपणी कांजिण्या होतात ना? फोड जातात, पण तो विषाणू जात नाही. नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वर्षानुवर्षं. मग वय झालं, शरीराची ताकद कमी झाली, की एखाद्या नसेत उठतो आणि तिच्यावरून चालत कातडीवर येतो. ती नागीण."

"म्हणजे पहिल्या प्रेमासारखं."

"पहिलं प्रेम एवढं जळजळत नाही."

"तुम्हाला झालंय?"

"कांजिण्या झाल्यात," मेघा म्हणाली.

तो हसला. मग पुन्हा गंभीर झाला. "पण तोंड आणि शेपूट भेटलं की माणूस जातो म्हणतात. आई रिंगण घालते, की नागीण पुढं सरकत नाय."

"ती तशीही सरकत नाही. नस एका बाजूची असते. मणक्यापासून निघते, छातीच्या मध्यावर संपते. पलीकडं जायला तिला रस्ताच नाही. गेरू लावला तरी थांबते, नाही लावला तरी थांबते."

नानासाहेबनं थोडा विचार केला. "म्हणजे आईचा निकाल शंभर टक्के."

"शंभर टक्के. फक्त पुरळ दिसल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा खरा उपयोग होतो, आणि ते तीन दिवस रिंगणात जातात. मग फोड सुकतात आणि दुखणं मागं राहतं. कधी महिनोन् महिने. अंगावर साडीचा पदर सहन होत नाही."

तो उठला. दारात वळून म्हणाला, "झाकण उघडून देता का? दुसरी भेट लवकर झालेली बरी."

*

त्यानंतर ड्रायव्हर कन्नडहून परत आला, तरी टँकर नानासाहेबच आणू लागला. टाकी अर्धी भरलेली असताना आणू लागला. एकदा तर भरलेल्या टाकीवर पाइप लावून तो बराच वेळ खाली उभा होता, आणि सोनियानं खिडकीतून विचारलं, "नाना, पाणी टाकीत सोडताय की डोळ्यांत साठवताय?"

मेघा दुपारचा चहा दोन कपांत ओतायला लागली होती. दुसरा कप कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही. तो यायचा, कप दोन्ही हातांत धरून उभाच राहायचा, आणि आईला काय सांगितलं त्याचा अहवाल द्यायचा.

"काल म्हणलं आईला – गेरू काढ, पण त्याच दिवशी दवाखान्यात पाठव."

"मग?"

"म्हणली, तुझा टँकर भरून झाला का?"

"म्हणजे नाही म्हणाल्या."

"नाय म्हणली असती तर बरं. आई नाय म्हणते तेव्हा आशा असते." तो कपात बघत बोलला. "तुम्ही बी तशाच आहात का?"

"कशा?"

"काही नाय... चहा चांगलाय."

अशाच एका दिवशी कडूबाई आल्या. द्वारकाबाईंच्या शेजारीण. पाठीपासून पोटापर्यंत नागीण, भोवती ताजं रिंगण, आणि पुरळ येऊन आठवडा उलटलेला. बाहेर सोनिया फोनवर कुणावर तरी डाफरत होती. आत कडूबाई तपासून घेता घेता बोलत होत्या. दुखणाऱ्या माणसाला थांबवू नये, असा मेघाचा नियम होता.

"हात लई हलका हाय द्वारकीचा. कुणी बी काढून चालत नाय, बाई. सासूनं दिला तिला. तिच्या सासूला तिच्या सासूनं. लेकीला नाय देत, सुनेलाच देतात. जिनं रिंगण काढलं ती त्या घरची सून, आसा नेम हाय. आता नानाचं लगीन व्हईना म्हणून द्वारकी काळजीत, गेरू कुणाच्या हातात द्यावा..."

मेघानं हातमोजे काढून टाकले होते आणि ती पाठ करून बेसिनपाशी उभी होती. डॉक्टर बेसिनपाशी उभा दिसला की तो हात धुतोय आणि त्याला मागचं ऐकू येत नाही, असं सगळेच धरून चालतात. सोनियाही दारातून डोकावली आणि तिनंही तसंच धरलं.

"कडूबाई," मेघा वळून म्हणाली, "गोळ्या देते. उशीर झालाय, पण दुखणं कमी करता येईल. आणि घरात कुणी बाळंतीण, गरोदर बाई, कांजिण्या न झालेलं पोर असेल तर फोड सुकेपर्यंत लांब राहा. नागिणीपासून नागीण होत नाही, पण कांजिण्या होऊ शकतात."

नेमाबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

*

दसऱ्याच्या आधी एका सकाळी नानासाहेबचा फोन आला. हा मनुष्य फोनवर नेहमी आधी पाण्याबद्दल बोलायचा. त्या दिवशी बोलला नाही.

"आईला झालीय. कपाळावर. डोळ्यापाशी."

"कधीपासून?"

"परवा दिसली. कुणाला बोललीच नाय. पदर पुढं ओढून बसली."

"नाकाच्या शेंड्यावर फोड आहे का?"

तो बघून आला. "एक हाय."

नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डॉक्टर लोक विनोद करायचं थांबवतात. ती नस डोळ्यालाही जाते. मेघानं सोनियाला दवाखाना सांभाळायला सांगितलं आणि ती निघाली.

द्वारकाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डावी पापणी सुजून मिटलेली, कपाळ मध्यापासून डावीकडं लालभडक. उजवी बाजू स्वच्छ. नस कुठं संपते हे पुस्तकातल्या चित्रात दिसत नाही इतकं स्पष्ट त्यांच्या कपाळावर दिसत होतं. चार-पाच शेजारणी जमल्या होत्या. कडूबाईही होत्या, बरगडी धरून.

"डोळ्याचा प्रश्न आहे, मावशी," मेघा शेजारी बसत म्हणाली. "या गोळ्या आत्ता सुरू करायच्या आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायचं. आज तिसरा दिवस आहे. उद्यावर ढकललं तर दृष्टी जाऊ शकते."

"घेते की गोळ्या." द्वारकाबाईंनी उजवा डोळा तिच्यावर रोखला. "आदी गेरू. मग गोळ्या."

"आई!" नानासाहेब ओरडला.

"तू गप. जन्मभर लोकांना काढून दिला, आन् माझ्या येळेला तसंच जाऊ? लोक म्हणतील, द्वारकीचा सोताच्याच गेरूवर भरवसा नाय."

"मग काढा ना," मेघा म्हणाली.

"सोताचा सोताला काढता येत नाय. हात मिळालेलं माणूस लागतं. ते हाय कुठं?"

शेजारणी एकमेकींकडं बघू लागल्या. नानासाहेब आईच्या पायाशी बसला. त्याच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. "आई, पाया पडतो. डोळा जाईल गं..."

द्वारकाबाईंनी तोंड फिरवलं.

मेघानं कोपऱ्यातल्या देवळीकडं पाहिलं. तिथं कालवलेल्या गेरूची वाटी होती. ती उठली, वाटी घेतली, आणि परत येऊन बसली.

"अगं बया!" कडूबाई एकदम पुढं सरकल्या. "डॉक्टरीणबाई, आवं ते आसं..."

"तू गप गं, कडे," द्वारकाबाई म्हणाल्या. "काढू दे तिला."

"डॉक्टर, थांबा," नानासाहेबचा चेहरा उतरला होता. "ते तुम्हाला माहीत नाय, ते..."

"उशीर होतोय," मेघा म्हणाली. तिनं बोट गेरूत बुडवलं आणि फोडांपासून चांगलं लांब, केसांच्या कडेनं, कानापर्यंत आणि भुवयांच्या मधोमध एक रेघ ओढली. तिचा हात जराही हलला नाही. विज्ञानाच्या मास्तरची मुलगी होती, आकृत्या सुबक काढायची सवय होती.

द्वारकाबाईंनी डोळा मिटून रेघ अंगात मुरू दिली. मग हात पुढं केला. "दे गोळ्या, पोरी."

सकाळपासून डॉक्टरीणबाई असलेली मेघा पोरी झाली, हे खोलीतल्या प्रत्येक बाईनं ऐकलं.

*

डोळा वाचला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या पूर्ण झाल्या, दिवाळीपर्यंत कपाळावर नुसते डाग उरले.

पण नानासाहेब यायचा बंद झाला. टँकर ड्रायव्हर आणू लागला, टाकी रिकामी झाल्यावरच आणू लागला. मेघा दुपारी सवयीनं दोन कप काढायची आणि मग एक परत ठेवायची. एकदा तिनं दोन्ही ओतले आणि दोन्ही स्वतःच प्यायली. सोनियानं पाहिलं, पण त्या दिवशी तिनंही टोमणा मारला नाही.

मेघाच्या घरीही वातावरण बरं नव्हतं. तिचे वडील राजकुमार सर निवृत्त विज्ञान शिक्षक. बुवा-बाबांच्या नारळातून केस कसे निघतात, पाण्यानं दिवा कसा पेटतो, हे त्यांनी गावोगावच्या शाळांत करून दाखवलं होतं. बाबांपासून काही लपवायचं नाही म्हणून गेरूची गोष्ट मेघानं जेवताना स्वतःच सांगितली. त्यानंतर आठवडाभर ते मुलीशी फक्त हवामानावर बोलले.

"तुझ्या आजोबांनी घरातले अंगारे-धुपारे उचलून नदीत सोडले," शेवटी ते म्हणाले. "आणि तू एमडी होऊन गेरू लावतेस?"

"गेरू लावला नसता तर गोळी पोटात गेली नसती, बाबा. आणि तुम्ही लस कधी घेताय?"

यावर सर पुन्हा हवामानाकडं वळले. लशीवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, लशीवर त्यांनी भाषणं दिली होती. फक्त स्वतःचा दंड पुढं करायला सवड होत नव्हती. शेवटी मेघानं दिवस ठरवून टाकला.

थंडी पडली होती. सर दवाखान्यात आले तेव्हा बाकावर एक बाई आधीच बसलेल्या होत्या. आजार पूर्ण बरा झाल्यावर मेघानं द्वारकाबाईंनाही बोलावलं होतं – एकदा झाली म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही, लस घ्यावी. द्वारकाबाईंनी निमूट दंड पुढं केला. ते बघून सरांनाही करावा लागला.

"दोन डोस असतात," मेघानं दोघांना सांगितलं. "दुसरा दोन ते सहा महिन्यांनी. आज दंड दुखेल, कदाचित थोडा ताप, अंगदुखी. एक-दोन दिवसांत जाईल. नागीण होण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि झालीच तर मागं राहणारं दुखणंही टळतं बहुतेकदा. आता थोडा वेळ इथंच बसायचं, काही त्रास होत नाही ना ते बघायला. उठायचं नाही."

हे शेवटचं वाक्य तिनं दोघांकडं बघत जरा जास्तच ठासून म्हटलं, आणि ती बाहेर गेली.

दोघं दंड धरून शेजारी शेजारी बसले. वैद्यकीय कारणासाठी दोन व्याही एका बाकावर खिळवून ठेवण्याची सोय शास्त्रानं केलेली आहे, पण तिचा लाभ फार थोडे घेतात.

"तुमच्या पोरीचा हात हलका हाय, सर," द्वारकाबाई म्हणाल्या.

"इंजेक्शनचा?"

"गेरूचा."

सरांनी घसा साफ केला. "आमच्याकडं असल्या रूढी चालत नाहीत."

"बरं नाय चालत. पण आमच्याकडं जिनं गेरू काढला ती सून. मग पोरगी द्या म्हणते मी."

"मुलगी द्यायची वस्तू नाही, बाई."

"मग पोरगा घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "टँकर हाय त्याचा."

हा मुद्दा सरांच्या कोणत्याच भाषणात आलेला नव्हता. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आणि तुमचे लोक? आम्ही बौद्ध. तुमच्या भावकीत बोलतील."

"बोलू द्या की. गेरू काढून घ्यायला येताना कुणी जात इचारत नाय, मी बी कधी इचारली नाय. आन् माझा डोळा कुणामुळं हाय ते मला त्याच डोळ्यानं दिसतं."

सरांनी दंड चोळला. "पण एक अट. यापुढं रिंगण काढलं की त्याच दिवशी पेशंट दवाखान्यात."

"ते तर दिवाळीपासून पाठवतेच. इचारा पोरीला." त्यांनी पदर सारखा केला. "आता तुम्ही सांगा, साखरपुडा कधी?"

"दुसरा डोस झाल्यावर," राजकुमार सर म्हणाले. "एका डोसवर विसंबू नये."

*

बाहेर टँकर उभा होता. आईला आणायचं म्हणून आज नानासाहेबच आला होता, आणि आलाच आहे तर टाकी भरून टाकावी म्हणून त्यानं पाइप वर सोडला होता. पाण्याचा आवाज येत होता. मेघा दोन कप घेऊन आली. एक त्याच्यापुढं धरला.

त्यानं तो दोन्ही हातांत घेतला. पूर्वीसारखाच. पण नजर वर उचलली नाही.

"मला बोलायचं होतं... धाडस होईना," तो म्हणाला. "आईनं फसवलं तुम्हाला. त्या गेरूला सुनेचाच हात लागतो. तुम्हाला माहीत नव्हतं. मला थांबवता आलं असतं, मी थांबवलं नाय, कारण डोळा... आणि कारण..." तो अडखळला. "जाऊ द्या. तुम्ही मोकळ्या आहात. मी आईला समजावीन. कुणी तुम्हाला त्या नात्यात धरणार नाय."

"मला माहीत नव्हतं असं कोण म्हणालं?"

"कडूबाई बोलल्या होत्या म्हणे, पण सोनिया म्हणली तुम्ही तेव्हा बेसिनपाशी हात धूत होता. नळाच्या आवाजात काही ऐकू गेलं नसंल."

मेघानं चहाचा एक घोट घेतला. तिला घाई नव्हती.

"नाना," ती म्हणाली. पहिल्यांदाच. त्यानं दचकून वर पाहिलं. "कडूबाई आल्या त्या दिवशी तुझा टँकर कधी आला होता?"

"त्या दिवशी? संध्याकाळी. बिडकीनला चाक फुटलं होतं. सोनियानं फोनवर माझी अब्रू काढली, दिवसभर टाकी कोरडी म्हणून, नळाला..."

तो थांबला. पाण्याचा धंदा करणाऱ्या माणसाला हे इतक्या उशिरा कळावं, याचं त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं असावं.

"नळाला पाणीच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "मग... तू बेसिनपाशी काय करत होतीस?"

"ऐकत होते," मेघा म्हणाली.

वर टाकी कधीच भरली होती. पाणी कडेवरून ओसंडून भिंतीवरून खाली येत होतं, दोघांच्या पायांशी साचत होतं. या शहरात याहून मोठा गुन्हा नाही. सोनिया खिडकीतून जीव खाऊन ओरडत होती.

दोघांनाही ऐकू आलं नाही.